या आठवड्याचा आडवा

लिफ्ट चौथ्या मजल्यावरून सुटली आणि बायको म्हणाली, "मला तिकडे बोलावलंय. दोन वर्षांसाठी." तो म्हणाला, "अरे वा!" हे काही त्याचं उत्तर नव्हतं. जांभईसारखा तोंडातून आपोआप निघालेला तो एक आवाज होता. तिकडे म्हणजे कुठे, हे त्याला ठाऊक होतं. समुद्र ओलांडून जावं लागतं अशा एका शहरात कृत्रिम पाय बनवायची नवी कार्यशाळा निघणार होती आणि ती उभी करून द्यायला अनुभवी माणूस हवं होतं. बायको लग्नाच्या आधीपासून पाय बनवत होती. तिने अर्ज केला तेव्हा "करून तर बघ" असं तोच म्हणाला होता. अर्ज करणं आणि प्रत्यक्ष जाणं यांत बरंच अंतर असतं अशी त्याची समजूत होती. तिसरा मजला गेला. "उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचंय," ती म्हणाली, "तुला काय वाटतं?" त्याने तोंड उघडलं. आता त्यातून काय बाहेर पडतंय याची त्यालाही उत्सुकता होती. पण दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि कुत्रेवाले आजोबा कुत्र्यासकट आत शिरले. कुत्र्याने त्याचा बूट हुंगायला घेतला. आजोबा म्हणाले, "आज हवेत गारवा आहे." तो म्हणाला, "चांगलाच आहे. कालच्यापेक्षा जास्त." हवेबद्दल त्याचं मत तयार होतं, तेही तुलनेसकट. बायको लिफ्टच्या आरशातून त्याच्याकडे बघत होती. फाटकापाशी आल्यावर तिने पिशवी या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "संध्याकाळी सांग. आणि 'तुला वाटेल ते कर' हे सोडून सांग. ते मला पाठ आहे." तो म्हणाला, "बघू." मग ती डावीकडे गेली आणि तो उजवीकडे.

बघू म्हणजे काय बघू? बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली होती, तेव्हा विचार न करायला काही सबब नव्हती. बंद दाराशी उभा राहिलेला माणूस किल्लीसाठी खिसे चाचपतो तसं त्याने स्वतःला चाचपायला सुरुवात केली. तिने जावं का? जावं की, एवढी चांगली संधी, इतकी वर्षं घासल्यावर मिळालेली. मग तिने राहावं का? तेही खोटं नाही, घर आहे, आपण आहोत, घरात आहोतच दोघं. दोन्ही बाजू त्याला सारख्याच पटत होत्या, आणि क्षणभर त्याला स्वतःच्या समंजसपणाचा अभिमानसुद्धा वाटला, पण तो पुढच्या थांब्यापर्यंतही टिकला नाही. त्याचं हे आजचं नव्हतं. लग्नानंतर ते दोघं सोफा घ्यायला गेले होते. बायकोने विचारलं, राखाडी की तपकिरी? तो म्हणाला, दोन्ही छान आहेत. दुकानदाराला वाटलं, साहेबांना दोन्ही पसंत नाहीत, म्हणून त्याने आतून तिसरा, हिरवा काढला. तो म्हणाला, हाही छान आहे. दुकानदाराने बायकोकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात कीव होती. शेवटी तपकिरी आला. त्याला राखाडी हवा होता. तेव्हापासून तो तपकिरी सोफ्यावर बसून राखाडी सोफ्याची आठवण काढत आला होता, आणि याची खबर त्या सोफ्यालासुद्धा नव्हती. आता या माणसाला कुणी विचारावं की तुझी बायको दोन वर्षं दूर गेलेली चालेल का? विचारणाऱ्याचंच चुकलं. पण विचारणारी तीच होती, आणि तिच्याकडून चुका फार होत नसत.

तिच्या कामात चूक परवडत नाही. तो एकदा तिला आणायला गेला होता तेव्हा तिचं काम संपलं नव्हतं, म्हणून तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिला. एक धिप्पाड माणूस, बहुधा गवंडी, गुडघ्याखालून गेलेल्या पायावर नवा पाय चढवून दोन दांड्यांच्या मधून चालत होता. ती त्याच्यासमोर उलट्या पावलांनी मागे मागे जात विचारत होती, "दुखतंय का? कुठे टोचतंय?" तो म्हणत होता, "ठीक आहे, ठीक आहे, ताई." कपाळावर घाम आणि ठीक आहे. शेवटी तिने हात कमरेवर ठेवले. "हे बघा, दादा," ती म्हणाली, "मी तुमच्या पायात शिरू शकत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच मला कळणार. ठीक आहे म्हणाल तर मी हाच पाय तुम्हाला घरी देईन आणि तुम्ही तो पलंगाखाली टाकून द्याल." तेव्हा कुठे तो गवंडी खाली बसला आणि लहान आवाजात म्हणाला, "आतल्या बाजूला, ताई. जीव जातोय." घरी येताना तिच्या नखांत प्लास्टर पांढरं साचलेलं होतं आणि ती हसत म्हणाली होती, "ठीक आहे म्हणणाऱ्यांनी माझा जीव खाल्लाय." त्यालाही हसू आलं होतं, गवंड्याचं. बस वळली तेव्हा ती गोष्ट त्याला नको त्या बाजूने आठवली, आणि तो उतरायची तयारी करायला लागला. त्याचा थांबा अजून लांब होता.

ऑफिसात शिरल्याबरोबर आपल्या टेबलावर लाल मग दिसला आणि त्याला आल्या पावली परत फिरावंसं वाटलं. हा मग म्हणजे त्यांच्या गटाची जुनी रीत. गटाच्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्यांचं म्हणणं असं की सगळ्यांनी माना डोलवून घेतलेला निर्णय हा निर्णयच नसतो. म्हणून दर आठवड्याला पाळीपाळीने एकाने आडवं जायचं. कुणीही काहीही सुचवो, आडव्याने त्याला कडाडून विरोध करायचा, मनातून पटलेलं असलं तरी. त्याच्या विरोधाला उत्तर मिळाल्याशिवाय काही ठरत नसे. ज्याच्या टेबलावर लाल मग, तो या आठवड्याचा आडवा. बाकीचे लोक मगाची वाट बघत. एरवी ज्यांना घरी कुणी ऐकून घेत नाही ते तर आठवडाभर आधी तयारी करत. त्याच्यावर मात्र हा मग आला की त्याला बारीक ताप आल्यासारखं वाटे. मागच्या वेळी त्याने इतक्या हळुवारपणे विरोध केला होता की बाईंनी टिपणात 'पाठिंबा' असं लिहिलं आणि त्याने तेही दुरुस्त केलं नाही. आणि आज साधासुधा विषय नव्हता. आज डबीची भाषा ठरायची होती.

डबी म्हणजे त्यांच्या कंपनीचा सगळा संसार. औषधांच्या दुकानांत, दवाखान्यांत, लसी ठेवायचे फ्रिज असतात, त्यांच्या आत बसणारी साबणाच्या वडीएवढी डबी. आत किती गार आहे, दार किती मिनिटं उघडं राहिलं, वीज गेली होती का, हे ती ऑफिसातल्या सर्व्हरला, म्हणजे मुख्य संगणकाला कळवते, आणि काही बिनसलं की सर्व्हर माणसांना उठवतो. डबीतला प्रोग्राम पायथन या भाषेत, सर्व्हरवरचाही पायथनमध्ये, पण म्हणून एकीच्या पोटातलं दुसऱ्याच्या पोटात जसंच्या तसं जात नाही. आकडे, वेळा, नावं हे सगळं मोडून, एका ओळीत लावून, गाठोडं बांधून पाठवायचं आणि पलीकडे गाठोडं सोडून पुन्हा होतं तसं उभं करायचं. गाठोडं कसं बांधायचं एवढाच प्रश्न, पण त्यावर त्यांच्या गटात जितकी भांडणं झाली होती तितकी पगारावरही झाली नव्हती. आतापर्यंत जेसन चालत होतं, म्हणजे प्रत्येक आकड्याआधी त्याचं नाव अक्षरांत लिहून पाठवायची पद्धत. आता डब्या इतक्या वाढल्या होत्या की जाण्यायेण्याचं वजन सोसेना. आज एक फॉरमॅट निवडायचा आणि पुढची अनेक वर्षं त्याच्याशी नांदायचं. एकदा डब्या गावोगाव फ्रिजांत जाऊन बसल्या की त्यांना परत बोलावून नवी भाषा शिकवणं म्हणजे सासरी गेलेल्या पोरीला रोज माहेरी आणण्यातला प्रकार.

खरं म्हणजे गाठोड्यांच्या बाबतीत त्या खोलीत त्याच्याइतका अनुभवी कुणी नव्हता. त्याच्या आईवडिलांचा अबोला असे. वर्षातून दोन-तीनदा, चांगला मुरलेला. आई स्वयंपाकघरात, वडील पुढच्या खोलीत, मध्ये एक अंधारी बोळकांडी, आणि तो. आई म्हणे, "त्यांना म्हणावं, जगाचा उद्धार करून झाला असेल तर दोन घास गिळायला या." तो बोळकांडीतून चालायला लागे. तिथे भिंतीला हात लावत जायची त्याची सवय होती. भिंत थंड आणि थोडी ओलसर लागे, आणि ती संपेपर्यंत त्याने निरोपातले सगळे काटे काढून टाकलेले असत. वडिलांसमोर उभा राहून तो म्हणे, "बाबा, आई जेवायला बोलावतेय." वडील पेपराआडून म्हणत, "तिला म्हणावं, माझ्या भुकेची आजच बरी आठवण झाली." पुन्हा बोळकांडी, पुन्हा थंड भिंत. "आई, येतो म्हणाले." असं चार-सहा दिवस चाललं की अबोला सुटे, आणि दोघांनाही मनातून वाटे की समोरचाच नरमला. आल्यागेल्यासमोर आई त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणे, किती गुणी आहे माझं बाळ, याच्या तोंडून वाकडा शब्द येत नाही. कुठून येणार? तो निरोप्या होता. दोघांचं सगळं सामान त्याच्यातून जाई, पण त्याचं स्वतःचं असं काही त्यात नसे, आणि तुला भूक लागलीय का रे, असं बोळकांडीत त्याला कुणी विचारलं नाही. मोठा होऊन तो याच धंद्यात आला याचं लोकांना नवल वाटे. त्याला वाटत नसे.

बैठकीला मास्तर आधीच येऊन बसले होते. ते पूर्वी शाळेत गणित शिकवत, म्हणून मास्तर. जेसनवर त्यांचा जीव. "डोळ्यांनी वाचता येतं," ते म्हणाले, "मध्यरात्री कुणी उठवलं तरी गाठोडं उघडायचं आणि वाचायचं. यंत्राची भाषा यंत्राला, पण निस्तरायला माणूसच लागतो ना?" त्यांच्यासमोर वायुवेग बसला होता. हा तिशीतला गडी. कुठलीही गोष्ट किती वेगात होते हे मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो चहा पितानाही घड्याळाकडे बघे. वायुवेगाला प्रोटोबफ हवं होतं. "जेसनमध्ये आपण दर वेळी 'तापमान' हा अख्खा शब्द पाठवतो," तो म्हणाला, "दर मिनिटाला, प्रत्येक डबीतून. रोज आपल्याच बायकोला आपलं पूर्ण नाव पत्त्यासकट सांगायचं, असलं हे. त्यापेक्षा एकदाच करार करायचा. एक नंबर म्हणजे तापमान, दोन नंबर म्हणजे दार. दोघांकडे कराराची प्रत. मग नुसते नंबर आणि आकडे." मास्तर म्हणाले, "आणि करार हरवला तर?" वायुवेग म्हणाला, "करार कसा हरवेल?" मास्तर म्हणाले, "तुझं लग्न व्हायचंय अजून." बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. मग वायुवेगानेच सांगितलं की दोन्हीकडे पायथन आहे तेव्हा सगळ्यात सोपं पिकल, जे आहे ते हाडामांसासकट गुंडाळून पाठवता येतं. पण त्याला स्वतःलाच ते नको होतं, कारण पिकल उघडलं की पाठवणाऱ्याने आत जे काही करायला सांगून ठेवलंय ते आपल्या घरात सुरू होतं. "परक्या माणसाचं पिकल उघडायचं म्हणजे त्याला आपल्या घराची चावी द्यायची आणि आपण झोपायचं," बाई म्हणाल्या, "खोडा ते." मेसेजपॅकचंही नाव निघालं. मेसेजपॅक म्हणजे जेसनच, पण चापून चोपून बसवलेलं. त्यावर दोघांचंही एकमत झालं की ते दोघांनाही नको.

तो हे सगळं ऐकत होता आणि त्याला सगळं पटत होतं. मास्तर बोलले की मास्तर खरे, वायुवेग बोलला की वायुवेग. मधूनच त्याला वाटे की आपण या खोलीत नाहीच, आपल्या जागी नुसती बोळकांडी आहे आणि लोक तिच्यातून जा-ये करतायत. समोर लाल मग होता. संध्याकाळी तो घरी जाईल, बायको दार उघडेल, आणि तो म्हणेल, तुझंही बरोबर आहे. ती कळवून टाकेल आणि जाईल. मग घरात रोज एकच माणूस चप्पल काढणार. हे चपलेचं मध्येच कुठून आलं त्याला कळेना, पण ते आल्यावर जाईना. दाराशी एकच जोड. तेवढ्यात वायुवेगाने पडदा सुरू केला. ऑफिसच्या चहाच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये त्याने कालपासून एक डबी बसवली होती, प्रोटोबफ बोलणारी. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: तापमान व्यवस्थित, दार उघडं शून्य मिनिटं. "बघा," वायुवेग म्हणाला, "गाठोडं इतकं हलकं की जाणवतसुद्धा नाही." बाई म्हणाल्या, "छान. आता आडवा कोण आहे?" सगळे त्याच्याकडे वळले. तो म्हणाला, "एक मिनिट, पाणी पिऊन येतो," आणि उठला.

चहाच्या खोलीत दिवा बंद होता, तरी उजेड होता. फ्रिजचं दार उघडं होतं. कुणाच्या तरी डब्याचा कान बाहेर आला होता आणि दार त्याच्यावर अडकून हातभर उघडं राहिलं होतं. आतला पिवळा उजेड फरशीवर पडला होता आणि यंत्र दमेकऱ्यासारखं घरघरत होतं. तो बघतच राहिला. दाराला चिकटवलेली डबीची वायर, दार मिटलंय की उघडंय ते सांगणारी, चिकटपट्टीसकट सुटून खाली लोंबत होती. तापमान मोजणारं टोक पार मागच्या कोपऱ्यात होतं, तिथे अजून गार लागत होतं. पण दाराच्या कप्प्यातल्या लोण्याला त्याने बोट लावलं तर बोट आत गेलं. आणि तिकडे बैठकीतल्या पडद्यावर दार उघडं शून्य मिनिटं. म्हणजे वायर सुटली, दाराकडून काही कळेनासं झालं, डबीने दोन नंबरची जागा मोकळी सोडली, आणि सर्व्हरने त्या मोकळ्या जागेवर शून्य वाचलं. प्रोटोबफची रीतच तशी. ज्या आकड्याबद्दल कुणी काही बोललं नाही तो शून्य धरायचा. दाराने 'उघडं शून्य मिनिटं' असं सांगितलं काय आणि दार मुकं झालं काय, पलीकडच्याला दोन्ही सारखंच दिसतं, आणि तेही हिरवं. हे त्याला पुस्तकातून माहीत होतं. बोट लोण्यात असताना ते माहीत असणं वेगळं. फ्रिजच्या उजेडात उभं राहून त्याला एकदम भीती वाटली, खरीखुरी. आपण इतकी वर्षं तिच्याशी गोड बोलत होतो असं त्याला वाटत आलं होतं. ती काय वाचत असेल?

तो परत आला तो लोण्याची बशी घेऊन. त्याने ती बाईंसमोर टेबलावर ठेवली. "हात लावून बघा," तो म्हणाला. बाईंनी लोण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "लावा ना हात! फ्रिज उघडा पडलाय. वायर सुटलीय. आणि हा म्हणतो शून्य मिनिटं!" वायुवेग म्हणाला, "नाही, म्हणजे काही आलं नाही तर शून्य धरायचं, ते डीफॉल्ट..." "डीफॉल्ट गेलं खड्ड्यात!" हे वाक्य आपण बोललो हे त्याला मागाहून कळलं. "न सांगणं म्हणजे शून्य कुणी ठरवलं? त्याने काहीच सांगितलं नाही. काहीच! त्याची वायर सुटलीय, तो बोलूच शकत नाहीये, आणि तुम्ही परस्पर लिहून मोकळे, काही नाही, सगळं ठीक आहे, शून्य! उद्या लसी नासतील आणि आपल्याकडे हिरवं असेल. गप्प बसलेल्याच्या तोंडात स्वतःचं उत्तर घालायचं आणि वर म्हणायचं हलकं आहे, जाणवत नाही! जाणवणार कसं? आत काही आहेच कुठे!" त्याचे कान तापले होते. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो काचेवर आपटून परत येत होता आणि बाहेरून दोन-तीन जणांनी मान वर करून पाहिलं. मास्तरांचा चेहरा उजळला होता. "आमच्या जेसनात नाव आलंच नाही तर निदान बोंब तरी होते," ते म्हणाले. "तुम्ही गप्प बसा," तो म्हणाला. मास्तर त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. चहाच्या खोलीतली घरघर आता इथवर ऐकू येत होती.

त्याला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. इतकी वर्षं तो ज्या गोष्टीला जपत आला होता ती, म्हणजे सगळ्यांचं सगळ्यांशी बरं असणं, ती आता फरशीवर फुटल्याचा आवाज येईल. तसं काही झालं नाही. वायुवेगाने नाक खाजवलं. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला, "माझ्या लक्षातच आलं नाही. पण याला उपाय आहे. करारात प्रत्येक जागेच्या आधी 'ऑप्शनल' असा एक शब्द लिहायचा. मग सांगितलं होतं की नव्हतं, हे वेगळं विचारता येतं. फक्त मग शून्य असलं तरी ते मुद्दाम पाठवावं लागतं. गाठोडं किंचित जड होईल." "किती जड?" बाईंनी विचारलं. "नगण्य. एखाद-दोन बाईट." बाईंनी टिपण काढलं. "मग ठरलं. प्रोटोबफ, आणि प्रत्येक जागेआधी तो शब्द. आणि कुणीतरी त्या फ्रिजचं दार लावा." मास्तर म्हणाले, "म्हणजे एवढा आरडाओरडा करून शेवटी याचंच खरं?" बाई म्हणाल्या, "आडव्याने अडवलं म्हणून सरळ झालं. नाहीतर मला ते मनातून पटतच नव्हतं, नुसतं का ते सांगता येत नव्हतं." मग बाईंनी त्याच्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला बरं वाटतंय ना?" एरवी तो ठीक आहे म्हणाला असता. त्याने क्षणभर स्वतःला विचारलं आणि म्हणाला, "नाही. हात थरथरतायत." आणि हे सांगितल्यावर हात थोडे स्थिरावले. मास्तरांनी स्वतःसमोरचा चहा त्याच्याकडे सरकवला.

घरी येताना बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली नाही, आणि ते बरंच झालं. त्याने एक वाक्य तयार केलं होतं आणि ते सांडू नये म्हणून तो दांडीला धरून ताठ उभा होता. वाक्य दोन शब्दांचं होतं. त्याने त्यातले काटे काढले नाहीत, पुढेमागे 'अर्थात' आणि 'म्हणजे तसं बघायला गेलं तर' लावलं नाही. जिन्यानेच वर गेला. लिफ्टमध्ये कुणी भेटून हवेबद्दल विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं. दार उघडं होतं. बायको झोपायच्या खोलीत कपाटासमोर स्टुलावर उभी होती आणि वरच्या फळीवरचं सामान खाली काढत होती. त्याने बूटसुद्धा काढले नव्हते.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

ती तशीच वर हात करून थांबली. मग मान वळवून तिने त्याच्याकडे पाहिलं. "का?"

का, याची तयारी त्याने केली नव्हती. "कारण मला नको आहे."

"काय नको आहे?"

"तू नसलेलं. मला एकट्याने जेवायला आवडत नाही. जेवण तेच असतं, पण मी उभ्याने जेवतो, तुला माहीत नाही, तू उशिरा येणार असलीस की मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवतो. आणि तू झोपेत माझ्यावर पाय टाकतेस. मी तक्रार करतो, पण ती खोटी असते. आणि तुला हे काम आवडतं, तुला जायला हवं, ते सगळं खरंच आहे, पण ते तुझं तू सांग. ते मी का सांगू? माझं मी सांगतोय. मला राग आलाय. तुझा नाही, असं म्हणणार होतो, पण थोडा तुझाही."

ती स्टुलावरून उतरली आणि पलंगाच्या कडेवर बसली. तिच्या नखांत अजून प्लास्टर होतं. मग तिने मनगटाच्या मागच्या बाजूने डोळे पुसले आणि हसायला लागली. "एवढं!" ती म्हणाली. "अरे, एवढं एका दमात!"

"मग काय ठरलं?"

"जाते मी."

त्याला वाटलं, आपण नीट बोललो नाही. "मी म्हणालो, जाऊ नकोस."

"ऐकलं मी. नीट ऐकलं. तू जा म्हणाला असतास ना, किंवा ते तुझं नेहमीचं, तर बहुतेक गेले नसते. ह्याला मी असले काय नि नसले काय, तर दोन वर्षांनी परत यायचं कुणाकडे, हे आधी मिटवावं लागलं असतं. ते मिटवत मी इथेच बसले असते."

"म्हणजे मी गप्प राहिलो असतो तर तू राहिली असतीस?"

"राहिले असते. आणि रोज तुझ्याशी भांडले असते."

तो दाराच्या चौकटीला टेकला. हे असं व्हायला नको होतं, हे फार वाईट झालं होतं, आणि तरीही त्याला रडू येतंय की हसू हे त्याला अगदी स्पष्ट कळत होतं. रडूच येत होतं. त्याने ते येऊ दिलं. ती उठून त्याच्याजवळ आली, त्याच्या शर्टाच्या बाहीला तिने डोळे पुसले, आधी त्याचे आणि मग स्वतःचे, आणि बाहीवर प्लास्टरची पांढरी रेघ उमटली. मग ती पुन्हा स्टुलावर चढली, कारण काम अर्धवट टाकणं तिला जमत नसे. वर दोन बॅगा होत्या. तिने दोन्हींवर हात ठेवला.

"कुठली नेऊ? मोठी की लहान?"

"लहान."

"दोन वर्षांसाठी लहान?"

"मोठीत सगळं मावेल," तो म्हणाला.

तिने मोठी बॅग पार मागे, भिंतीपर्यंत ढकलली आणि लहान त्याच्या हातात दिली.